तुम्ही विचारलंत म्हणून: खडक चिरलेले असताना तेल टिकतं कसं?

मी तेलशोधाच्या कामात आहे म्हटल्यावर भूगोलाच्या शिक्षकांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. जमिनीखाली जागोजागी प्रस्तरभंग, म्हणजे खडकांचे थर तुटून एकमेकांवरून सरकलेल्या भेगा आहेत, मग तेल आणि वायू त्या भेगांतून केव्हाच वर येऊन निघून कसे गेले नाहीत?

पुष्कळसे गेलेच. आसामात दिगबोईला तेल जमिनीवर पाझरत होतं, म्हणून तर १८८९ मध्ये तिथे तेल देणारी विहीर झाली. तिथल्या थरांना ज्या दाबाने बाक आला आणि त्या बाकाखाली तेल साठलं, त्याच दाबाने नागा थ्रस्ट हा मोठा प्रस्तरभंगही घडवला. साठवण आणि गळती, दोन्ही एकाच ठिकाणी.

जे राहिलं ते का राहिलं, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. खडकाच्या छिद्रांत मुळात पाणी असतं. तेल त्याहून हलकं, म्हणून ते वर चढत राहतं, शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, थर आडवा येईपर्यंत. शेलची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यातलं पाणी हटवून आत शिरण्याइतका जोर तेलात नसतो. प्रस्तरभंगामुळे थर वरखाली सरकतात आणि तेलाने भरलेल्या वालुकाश्मासमोर शेल येऊन ठेपला तर वाट बंद होते. समोर वालुकाश्मच आला तर तेल सरळ पलीकडे जाईल असं वाटतं, पण तिथेही ते बऱ्याचदा अडतं. पुरणपोळी सुरीने कापली की पुरण कापलेल्या कडेला माखतं, तसा थर सरकताना शेलमधला चिखल फटीच्या भिंतींना माखत जातो. कापल्या गेलेल्या थरांत शेल जितका जास्त आणि थर सरकल्याचं अंतर जितकं कमी, तितका हा लेप अखंड राहण्याची शक्यता जास्त.

असा लेप हातात घेऊन बघण्यासारखा असतो. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यात प्रस्तरभंगाची एखादी बारीक फट सापडते. तिचा पृष्ठभाग घासून आरशासारखा चकाकतो आणि मध्ये नखाएवढ्या जाडीचा काळपट चिखल असतो. अतिनील दिव्याखाली धरलं की एका बाजूचा तेल मुरलेला वालुकाश्म सोनेरी पिवळा उजळतो आणि दुसरी बाजू काळीच राहते. एवढाशा चिखलाने तेल अडवलेलं असतं! मला हे दरवेळी तितकंच विलक्षण वाटतं.

पण प्रस्तरभंग कायमचा बंद किंवा कायमचा उघडा नसतो. हालचाल होते तेव्हा फटी उघडतात आणि खोलवरचं दाबाखालचं पाणी, तेल, वायू त्यांतून वर सरकतात. मग हालचाल थांबते, त्या पाण्यातले क्षार फटीत साचतात आणि तीच वाट बुजते. म्हणून तेल कधी निघालं आणि प्रस्तरभंग कधी हलला, हा क्रम जुळवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर काम.

मुंबई हाय घ्या. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ मध्ये सापडलेलं हे क्षेत्र म्हणजे खडकांचा एक भलामोठा उंचवटा, पूर्वेची बाजू प्रस्तरभंगाने कापलेली. मुख्य साठा चुनखडीत आहे, पण तेल तयार झालं ते आजूबाजूच्या खोलगट भागांतल्या जुन्या शेलमध्ये. तिथून ते या उंचवट्यावर चढत आलं. तो उंचवटा आधी तयार नसता, तर हे तेल दुसरीकडेच गेलं असतं.

उत्पादन सुरू झालं की हिशेब पुन्हा बदलतो. लाखो वर्षं थेंब थेंब गळू देणारा प्रस्तरभंग विहिरीच्या तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यात जवळपास भिंतच ठरतो. उलट, एका बाजूचं तेल उपसून दाब उतरला की आजवर बंद असलेली फटसुद्धा पाझरू लागते. म्हणून दोन्ही बाजूंच्या विहिरींत दाब मोजत राहावा लागतो. आकडे वेगवेगळ्या चालीने उतरत असतील, तर मधली वाट बंद आहे असं समजतो. अशा वेळी तेल विहिरीकडे लोटण्यासाठी एका बाजूने कितीही पाणी ढकललं तरी पलीकडचं तेल हलत नाही. त्या तुकड्यासाठी स्वतंत्र विहीर खोदावी लागते.