पाणी अडवणारा फूटपाथ

आमच्या भागातल्या रहिवासी संघाने सत्कारासाठी नावं मागवली, तेव्हा सगळ्यात जास्त अर्ज आले ते बाकडेवाल्यांचे. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ फूटपाथवर बाकडं बसवलेलं, कुणी कुंड्या मांडलेल्या, कुणी कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्रं काढून घेतलेली. एका मंडळाने तर नाक्यावर 'आय लव्ह'वाली लाल अक्षरं उभी केली होती आणि अर्जात लिहिलं होतं, 'यामुळे नागरिकांना चालण्याची प्रेरणा मिळते.' विषय असा होता: दादर-माहीम पट्ट्यात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी कुणी काय केलं? कार्यक्रम ३ जूनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या जागतिक सायकल दिनाला. आणि अर्जांची पडताळणी माझ्या गळ्यात.

माझ्याच का, तर फूटपाथ मोजणं ही माझी नोकरी आहे. मी स्थापत्य अभियंता. रस्त्यांच्या कामांची त्रयस्थ तपासणी करणाऱ्या एका कंपनीत काम करते. कंत्राटदाराने कागदावर जे दाखवलंय ते जमिनीवर उतरलंय का, एवढंच बघायचं. टेप, स्पिरिट लेव्हल, खडू आणि फोनचा कॅमेरा. संघाचं पत्र आल्यावर आमच्या साहेबांनी 'देऊन टाका एक दिवस, समाजकार्य आहे' म्हणत मला पाठवलं. समाजकार्य माझं, पत्रावरची सही त्यांची. असो.

सोबत संघाने दोन परीक्षक दिले. एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. अर्धं दादर त्यांच्या हाताखालून गेलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. दुसरे ट्रॅफिकमधून निवृत्त झालेले हवालदार काका. मे महिना संपत आलेला. पावसाआधी चर बुजवायची मुदत ३१ मे, त्यामुळे निम्म्या गल्ल्यांत बॅरिकेड, निम्म्या गल्ल्यांत ओलं काँक्रीट, आणि माणसं नेहमीप्रमाणे या सगळ्यातून वाट काढत निघालेली.

बाकड्यांचा निकाल लवकर लागला. पादचाऱ्यांच्या सोयींबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्याप्रमाणे निवासी भागातसुद्धा फूटपाथवर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी जागा पूर्ण मोकळी पाहिजे. झाडाची फांदी नको, बोर्ड नको, विजेची डीपी पेटी नको. १.८ मीटर का, तर दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाता आलं पाहिजे. आता आमच्या गल्ल्यांतला फूटपाथच बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आतबाहेर. त्यात बाकडं घेतं अर्धा-पाऊण मीटर. वर बसलेल्या माणसाचे पाय धरा, पायाशी ठेवलेली भाजीची पिशवी धरा. उरलेल्या पट्टीतून बाई काठी टेकत आडव्या होऊन गेल्या.

"बाकड्यावर बसलेला माणूस चालत नसतो, मॅडम," हवालदार काका म्हणाले. तोच शेरा मी जरा सभ्य भाषेत फॉर्मवर लिहिला. बाकडी नकोत असं माझं मुळीच म्हणणं नाही. म्हाताऱ्या माणसाला दर दोनशे पावलांवर टेकायला जागा मिळाली तरच तो घराबाहेर पडतो. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यासारखी रुंदी असेल तिथे बाकडं शोभतं. जिथे मुळात चालायलाच जागा नाही तिथे नाही.

सायकलच्या अर्जांची गंमत वेगळी. हेल्मेट, चष्मे, चकचकीत कपडे घातलेल्या ग्रुपचे फोटो छान होते. रविवारी पहाटे निघतात, नरिमन पॉइंटला जाऊन येतात. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे करून दिले होते, तेव्हापासून यातल्या काही जणांना गोडी लागलेली. माझी तक्रार नाही. पण आमच्या भागात रोज, पावसात, वजन लादून सायकल चालवतात ते पाववाले, दूधवाले, इस्त्रीवाले आणि डबेवाले. यांच्यापैकी एकाचाही अर्ज नव्हता. एका सोसायटीने 'सायकल स्टँड उभारला' असं लिहिलं होतं. जाऊन पाहिलं, तर स्टँड स्टीलचा, वर पत्र्याचं छप्पर, आत मुलांच्या गिअरच्या सायकली, टायर बसलेले, सीटवर धूळ. आणि गेटबाहेर, झाडाला साखळीने बांधलेली वॉचमनची सायकल. आत लावायची परवानगी नाही म्हणे. 'अंशतः योग्य' असा शेरा मारताना माझं पेन जरा जोरात टेकलं.

एका अर्जात मागणी होती की गल्लीत रंगवून सायकल ट्रॅक करावा आणि कल्पनेबद्दल सत्कारही करावा. काका हसले. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास गाजावाजा करून सायकल ट्रॅक झाला होता. पुढे त्यावर सायकलींपेक्षा उभ्या गाड्याच जास्त दिसू लागल्या. नुसत्या रंगाला गाडीवाला बिचकत नाही.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही कॅडल रोडच्या आतल्या एका गल्लीतून चाललो होतो. कागदोपत्री तो वीर सावरकर मार्ग, पण बाईंच्या तोंडी कॅडल रोडच. या गल्लीतला एकही अर्ज नव्हता. पलीकडच्या एका सोसायटीच्या भित्तिचित्रांकडे जायला जवळचा रस्ता, एवढाच तिचा संबंध. बाई अचानक थांबल्या.

"अगं, मागे गेट गेलं ना एक?"

"हो, गेलं."

"मग मी उतरले कशी नाही?"

मला आधी कळलंच नाही. मागे वळून पाहिलं, तेव्हा कळलं.

आपल्याकडे फूटपाथ सलग नसतो. तो प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी तुटतो. गाडीला आत जाता यावं म्हणून तिथे तो रस्त्याच्या पातळीला कापतात, गेट संपलं की पुन्हा वर चढवतात. शंभर मीटरच्या गल्लीत पाच-सहा इमारती असल्या, तर चालणाऱ्याला तितक्या वेळा उतरायचं आणि तितक्या वेळा चढायचं. मार्गदर्शिकेत कर्ब, म्हणजे फूटपाथची रस्त्याकडची कड, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा म्हटलंय, प्रत्यक्षात तो फुटाच्या जवळपास गेलेला मी मोजलाय. धडधाकट माणूसही दोन-तीन चढउतारांनंतर कंटाळून रस्त्यावरून चालायला लागतो. मग मीटिंगांमध्ये लोक विचारतात की एवढे फूटपाथ बांधूनही मुंबईकर रस्त्यावरून का चालतो. बाईंसारख्यांना तर प्रत्येक गेट म्हणजे एक जिना.

या एका गेटपाशी मात्र फूटपाथ तुटला नव्हता. त्याच उंचीवर, त्याच पेव्हर ब्लॉकमध्ये सरळ पुढे गेला होता. गाडीने कडेच्या उतारावरून फूटपाथवर चढायचं, तो ओलांडायचा, मग आत उतरायचं. मी टेप काढला. कडेला साठ सेंटीमीटरचा उतार, आतली एक मीटर नव्वदची पट्टी सपाट. चालण्याच्या दिशेने लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. पाणी वाहून जाण्यापुरता आडवा ढाळ रस्त्याकडे, अगदी हवा तेवढाच. नोकरीत इतकी वर्षं हे मी ड्रॉइंगमध्ये पाहत आले होते. जमिनीवर, जुन्या चार मजली बिल्डिंगच्या दारात, हे पहिल्यांदा पाहत होते.

वॉचमनने खजिनदारांना बोलावलं. बनियनवर शर्ट चढवत आजोबा खाली आले आणि माझ्या हातातला टेप बघून आधी बचावाच्याच पवित्र्यात.

"परवानगी घेतलेली आहे आम्ही. वॉर्डात पत्र दिलेलं आहे. फाइल दाखवू का?"

काकांनी समजावलं की आम्ही नोटीस घेऊन आलेलो नाही, सत्कारासाठी फिरतोय. त्याने आजोबांचा संशय आणखी वाढला. "कसला सत्कार? कुणी निवडणुकीला उभं राहतंय का?"

फाइल मात्र त्यांनी आणलीच, आणि ती पाहून माझी खात्री पटली की या देशात खरी कामं सोसायटीच्या खजिनदारांच्या फायलींमधूनच होत असणार. पहिलं पत्र, स्मरणपत्र, तारखेचे शिक्के, हाताने काढलेला छेद, म्हणजे फूटपाथ उभा कापल्यावर दिसेल तशी आकृती, त्यावर इंचात आकडे. आणि पत्राचा विषय: 'पावसाचे पाणी आवारात शिरण्याबाबत.'

गोष्ट साधी होती. रस्ता दर वेळी डांबराच्या थराने वर येत गेला, बिल्डिंग होती तिथेच राहिली. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की गेटच्या कापातून रस्त्यावरचं पाणी थेट आवारात. २६ जुलै २००५ ला पाणी मीटरच्या पेटीपर्यंत आलं होतं, ती रेघ त्यांनी आम्हाला दाखवली. रंगकाम करताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडलीय. फूटपाथचं काम निघालं तेव्हा ड्रॉइंगमध्ये नेहमीसारखा गेटला काप होता. आजोबा मुकादमापाशी खुर्ची टाकून बसले. "म्हटलं, इथे खाली घेऊ नकोस, बांध घाल मला." मुकादम म्हणाला साहेबांना विचारा. साहेबांनी दोन पत्रांनंतर होकार दिला. गाडीवाले सभासद भडकले, एकाच्या गाडीचा तळ घासला, मग उताराची लांबी दोनदा बदलली. आतलं पाणी टाकीत जमवून पंपाने बाहेर काढायची सोय केली.

"चालणाऱ्यांचा विचार केला होता का?" बाईंनी विचारलं.

"कोण चालणारे?" आजोबा म्हणाले.

संध्याकाळी संघाच्या ऑफिसात चहाबरोबर वाद झाला. मी आणि बाईंनी या सोसायटीचं नाव पहिल्या क्रमांकाला सुचवलं. सेक्रेटरींचं म्हणणं, यांनी अर्ज केलेला नाही, हेतू वेगळा, आणि मुख्य म्हणजे फोटो कशाचा लावायचा? गेटसमोरच्या सपाट जागेचा? पडद्यावर काय दिसणार? मुद्दा अगदी बिनबुडाचा नव्हता. तुटलेला फूटपाथ फोटोत दिसतो, न तुटलेला दिसत नाही.

"माझ्या गुडघ्याने त्यांचा हेतू विचारला नाही," बाई म्हणाल्या. "शाळेतही मी उत्तरपत्रिका तपासायचे, कुंडली नाही."

मला वेगळंच म्हणायचं होतं. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातच आलंय की मुंबई महानगरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या निव्वळ पायी होतात. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे सगळं मी सोसायट्यांच्या सभांमध्ये सांगून पाहिलंय. लोक माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात, पार्किंगचा. आपण चालणाऱ्यासाठी काही करायचं म्हटलं की काहीतरी नवीन उभारतो. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला तोही त्याच विचाराने, माणसालाच वर उचला, खाली गाड्या सुखाने जाऊ देत. इथे मात्र एका आजोबांनी चालणाऱ्याचं नावही न घेता, निव्वळ स्वतःच्या तळमजल्यासाठी भांडून, बाईंचा एक जिना कमी केला होता. आणि स्वार्थासाठी केलेलं काम शेजारच्यालाही करावंसं वाटतं. बाकडं बघून कुणी गेटचा काप भरणार नाही. पाणी थांबलेलं बघून भरेल.

सेक्रेटरी गप्प झाले, पटलं म्हणून की चहा संपला म्हणून, सांगता येत नाही. पण नाव मंजूर झालं. सायकलसाठी आम्ही एका छोट्या बिल्डिंगचं नाव दिलं, जिने 'फेरीवाल्यांच्या व कामगारांच्या सायकली आत आणू नयेत' ही पाटी काढून टाकली होती. तिथेही फोटोत लावण्यासारखं काही नव्हतं, फक्त भिंतीवर पाटीच्या स्क्रूची चार भोकं.

खरी मजा पुढे झाली. संघाने ठरवलं की नुसती शाल-श्रीफळ नको, कायमस्वरूपी गौरवफलक लावू. नमुना माझ्याकडे आला: दोन जाड लोखंडी पाइप, त्यावर तीन फुटी बोर्ड, जागा फूटपाथवर, गेटच्या बरोबर बाजूला. म्हणजे बाईंना मोकळ्या मिळालेल्या पट्टीत आम्ही सत्काराचे खांब रोवणार. मी सेक्रेटरींना फोन करून एवढंच म्हटलं, "साहेब, मग पुढच्या वर्षी पडताळणीला मला याच बोर्डाचे मार्क कापावे लागतील." बोर्ड कंपाउंडच्या भिंतीवर, आतल्या बाजूने लागला. वॉचमन तो रोज पुसतो.

कार्यक्रम हॉलमध्ये झाला, ठरल्यापेक्षा तासभर उशिरा. जूनच्या उकाड्यात आजोबांच्या खांद्यावर शाल पडली, ती त्यांनी लगेच घडी करून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. बोला म्हटल्यावर ते पंपाच्या हॉर्सपॉवरबद्दल बोलले. टाळ्या बेताच्या. पण चहाच्या टेबलापाशी त्यांच्याभोवती घोळका जमला आणि त्यात चालण्याचा विषय कुणाच्याच तोंडी नव्हता. उतार किती ठेवला, गाडी घासते का, पत्र कुणाच्या नावाने द्यायचं, टाकी किती लिटरची. दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी माझ्याकडे छेद मागितला. मी कागदावर काढून दिला: कडेला साठ सेंटीमीटर उतार, आत किमान एक मीटर ऐंशी सपाट, आडवा ढाळ रस्त्याकडे, कर्ब सहा इंचांच्या वर नाही. सपाट पट्टीखाली दोन रेघा मारल्या.

त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसला द्यायच्या पत्राचा मसुदा मला पाठवला. विषय पावसाच्या पाण्याचा, मजकूर तळमजल्याच्या रहिवाशांचा, शेवटी छेद जोडलेला. पादचारी हा शब्द अख्ख्या पत्रात नाही. खाली विचारलं होतं, 'मॅडम, ज्येष्ठ नागरिकांचा मुद्दा घालू का? वजन येईल.'

मी कळवलं, "नको. आहे तसंच द्या. आणि पोचपावतीवर शिक्का घ्यायला विसरू नका."