बाची ते बार्ले

चंदगडहून बेळगावला येताना महाराष्ट्रातलं शिनोळी सुटलं, कर्नाटकातलं बाची लागलं आणि पाट्या कन्नड झाल्या. शेजारच्या मावशींनी विचारलंच, "एवढी वर्षं भाईर काढलासा, लिवलासा तरी काय?"

ब्रसेल्सचं सांगितलं. तिथं रस्त्याच्या नावाची पाटी फ्रेंच आणि डच, दोन्हींत. म्हणून भांडण नाही असं कुणी समजू नये. बेल्जियमने १९६२ मध्ये कायद्याने भाषेची सीमा आखली, तरी कुरबुर चालूच. आपलं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं भांडण १९५६ पासूनचं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात.

मावशींना आवडलं ते बार्ले. नेदरलँड्स-बेल्जियमची हद्द तिथं घराघरांतून जाते, फूटपाथवर पांढऱ्या फुल्यांनी दाखवलेली. घराचं पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. काहींनी सोयीसाठी दारच हलवलं म्हणे! कॅफेत बसून मी त्यावर पानंच्या पानं खरडली होती, आणि शिनोळीवर आजवर एक ओळ नाही. संपादकांना युरोपच हवा असायचा, हेही खरं.

"आमचं दार हलवून भागत न्हाई बाबा," मावशी म्हणाल्या. "माहेर चंदगडात, सासर उचगावात. बस बंद पडली की दोन्हीकडनं बोलणी."

उद्या निपाणीला जातोय. तिकडचं कुणी असेल तर कळवा, चहा घेऊ.