तुम्ही विचारलंत म्हणून: 'पाइपर' मी का लावत नाही

शनिवारी माझ्याकडे रेकॉर्ड ऐकायला येणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी हे विचारलंय. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमच्या, म्हणजे 'पाइपर'च्या, दोन प्रती कपाटात आहेत, एक मोनो, एक स्टीरिओ. मग तो लावत का नाही? आवडत नसेल तर दोन प्रती कशाला, आणि आवडत असेल तर आमच्यापासून राखून का ठेवता? इतकी वर्षं 'पुढच्या वेळी' म्हणून वेळ मारून नेली. गेल्या शनिवारी तुमच्यातल्या एकीनं सरळच विचारलं, "काका, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

बाजू मला पाठ आहेत. एक म्हणते फ्लॉइड १९७३ साली, 'डार्क साइड ऑफ द मून'पासून सुरू होतो. त्याआधीचं म्हणजे बुटक्यांची, बुजगावण्याची आणि सायकलीची गाणी, पोरखेळ. दुसरी म्हणते खरा फ्लॉइड हाच, सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट बँडमधून गेला तिथं संपला. पहिल्या बाजूला मी कित्येक वर्षं होतो आणि तावातावानं होतो. दुसरीकडे जाऊन बसायला मला तोंड नाही.

अल्बम कच्चा आहे असं कुणी म्हटलं की मात्र अजून माझा आवाज चढतो. १९६७ चा फेब्रुवारी ते मे, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ, त्याच इमारतीत बीटल्सचं 'सार्जंट पेपर' चाललेलं. निर्माता नॉर्मन स्मिथ हा बीटल्सचा जुना ध्वनिमुद्रक; त्याला आटोपशीर, नीटनेटकी गाणी हवी होती. आणि ही पोरं लंडनच्याच यूएफओ क्लबात एकेक तुकडा मनसोक्त ताणून वाजवणारी. ती ओढाताण अल्बमभर ऐकू येते, आणि मला तीच हवी असते. सिड एकवीस वर्षांचा. अकरापैकी आठ रचना त्याच्या एकट्याच्या. आरशाच्या चकत्या चिकटवलेली फेंडर एस्क्वायर, तारांवरून फिरवलेला झिपो लायटर, मागं एको मशीन. गिटार वाजवणाऱ्या माणसानं हे ऐकून 'त्याला वाजवता येत नव्हतं' असं म्हणावं? मी म्हणायचो.

अमेरिकेत तर पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी गाळून हा अल्बम निघाला. तोच ऐकून मत बनवणाऱ्यांशी वाद काय घालणार!

पण तुम्ही अल्बमबद्दल विचारलं नव्हतंत, माझ्याबद्दल विचारलं होतंत.

१९९७ मध्ये पुण्यात आमचा एक बँड होता. चौघं. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस. दोन गिटार, एक माझी आणि एक त्याची. त्याचं नाव लिहीत नाही. बँड त्यानंच जमवला होता, मला बार कॉर्डही त्यानंच शिकवले. कुणाच्या तरी काकांनी लंडनहून आणलेल्या रेकॉर्डवरून उतरवलेली 'पाइपर'ची साठ मिनिटांची कॅसेट त्यानं मला दिली, त्यावर गाण्यांची नावं हिरव्या शाईत. त्याला त्यातलं 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' वाजवायचं होतं. सुरुवातीला पायऱ्या उतरल्यासारखी ती ओळ, मग आठेक मिनिटं कुठंही, आणि शेवटी परत तीच ओळ. तो लहानपणी तबला शिकला होता. म्हणायचा, हा मुखडा आहे, मधे कितीही लांब जा, पण समेवर येताना एकमेकांकडे बघायचं नाही. आम्ही दर वेळी बघायचो. त्याला बघावं लागायचं नाही. तारांवर तो स्टीलचा चमचा घासायचा आणि त्यातून जे निघायचं ते मला आजही काढता येत नाही.

डिसेंबरात मुंबईत एका महाविद्यालयाची स्पर्धा होती. मंचावर पंधरा मिनिटं. मला 'कम्फर्टेबली नंब' वाजवायचं होतं, कारण फ्लॉइडच्या या पुढच्या काळातल्या गाण्यातला गिलमोरचा, म्हणजे सिडच्या जागी आलेल्या गिटारवादकाचा, सोलो मी तीन महिने घासून बसवला होता आणि हॉलमधल्या प्रत्येकाला तो पाठ असणार होता. त्याचं म्हणणं, पाठ असलेलं कशाला वाजवायचं? शेवटच्या प्रॅक्टिसला 'इंटरस्टेलर' बावीस मिनिटं चाललं. ड्रमर वैतागून उठला. माझा तो मित्र गेल्यावर आम्ही तिघं बोललो. ठरवलं असं काही नाही. बोललो फक्त.

निघायच्या दिवशी पहाटे भाड्याची सुमो. तो खडकीला राहायचा, मुंबई रस्त्यावरच. बसस्टॉपवर उभा राहणार होता. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. खडकी आली तसं ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि विचारलं, "इथंच घ्यायचंय ना एकाला?" मागून कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, "नको, चला."

डावीकडे मी पाहिलं नाही. ड्रमरनं पाहिलं. दापोडीचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, उभा होता रे. त्यानं हात वर केला होता.

आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. सोलो मी चुकलो नाही.

त्यानं कधी जाब विचारला नाही. फोन केला नाही, भांडला नाही. दोन महिन्यांनी त्याचा धाकटा भाऊ गॅरेजमधून त्याचा ॲम्प घेऊन गेला. कॅसेट परत मागितली नाही. ती अजून माझ्याकडे आहे.

यानंतर काही वर्षांनी मी पहिल्यांदा वाचलं की २६ जानेवारी १९६८ ला साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना फ्लॉइडच्या गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का, आणि कुणीतरी म्हणालं, राहू दे. तुम्हा सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे, तुम्ही ती चहा पिताना सांगता. मी ती वाचली तेव्हा पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभा राहिलो.

माझी बाजूही सांगतो, कारण ती आहे. बँडमध्ये एकाच्या लहरीवर तिघांना नाचावं लागलं की ते असह्य होतं. आम्ही वीस वर्षांचे होतो. सिडच्या बाबतीत तर बाकीचेही हतबल झालेले होते. तो मंचावर एकच सूर धरून बसायचा, कधी वाजवायचाच नाही. गिलमोरला घेऊन पाच जणांनी थोडे कार्यक्रम करूनही पाहिले. पण माझा मित्र सिडसारखा आजारी नव्हता. तो आमच्यापेक्षा चांगला होता, आणि मला ते तेव्हा कळत होतं. पंधरा मिनिटांचं कारण मी नंतर शोधलं.

सिड राहिला असता तर पुढचे अल्बम झालेच नसते, असं पहिल्या बाजूचे लोक म्हणतात. हे वाक्य मी कितीदा वापरलंय! ते बहुधा खरंही असेल. फक्त त्याचा मला उपयोग नाही. त्या चौघांनी पुढं काहीतरी उभं केलं. आमच्या बँडनं त्या स्पर्धेनंतर काहीसुद्धा केलं नाही. सहा महिन्यांत मोडला. आणि त्यांनी उभं केलं म्हणून त्यांचं 'राहू दे' माफ होतं का, हेही मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं होतं. रेकॉर्ड लावली की वाटत नाही.

२००७ च्या फेब्रुवारीत फ्लॉइडचा जुना बेसवादक रॉजर वॉटर्स मुंबईत कार्यक्रमाला आला, सिडला जाऊन जेमतेम सात महिने झालेले. सिडसाठी लिहिलेलं गाणं सुरू झालं तशी माझ्या भोवतीची माणसं रडत होती. परतताना गाडीत त्यांतलेच दोघं म्हणाले, पहिला अल्बम मात्र ऐकवत नाही बुवा. तेव्हा मी भांडलो, नको इतका भांडलो. सिडसाठी रडायचं आणि सिडनं केलेलं ऐकायचं नाही, हे मला अजून सहन होत नाही. पण मलाही तो अल्बम तेव्हा नेमका किती आवडत होता? मी अल्बमसाठी भांडत होतो की खडकीच्या स्टॉपसाठी? तुम्ही 'आवडतो का' विचारता तेव्हा मी गप्प बसतो ते यामुळे. मी तो आठवड्यातून एकदा, एकटा असताना ऐकतो. त्यातलं किती आवडीचं आणि किती देण्याचं, हे मला वेगळं करता येत नाही. वेगळं न करता तुमच्यासमोर लावला तर तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघाल, आणि तो अल्बम ऐकायचा राहून जाईल.

म्हणून या शनिवारी दोन्ही प्रती टेबलावर काढून ठेवतो. ज्यांना हव्या त्यांनी घरी न्या. 'इंटरस्टेलर' दुसऱ्या बाजूला पहिलंच आहे. स्टीरिओमध्ये शेवटी ओळ परत येताना एका स्पीकरमधून दुसऱ्यात हेलकावे खाते. मोनोमध्ये ती समोर एका जागी येऊन आदळते. त्याला मोनो कधी ऐकायला मिळाली का, मला माहीत नाही. आधी मोनो ऐका.