पालीच्या पायामागे जर्मनी: अठरा दिवस, पाच प्रयोगशाळा आणि युल्त्सेन स्टेशनवरची एक रात्र

आधी महत्त्वाचं सांगते. जैवप्रेरित, म्हणजे सजीवांवरून बेतलेले, पदार्थ आणि मऊ रोबॉट या विषयात तुमची पीएचडी संपत आली असेल आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, जर्मनीतल्या प्रयोगशाळा बघायला जायचं मनात असेल, तर "एकदा येऊन भेटा, जागा निघते आहे" एवढ्या निरोपावर विमानाचं तिकीट काढू नका. मी काढलं. त्यातले चार मुक्काम उत्तम झाले. उरलेल्या एका ठिकाणी जे झालं, त्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

माझं काम पालीच्या पायावरून बेतलेल्या चिकट पॅडचं. सिलिकोनचे बारीक खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर कुत्र्याच्या छत्रीसारखी टोपी, गोंद अजिबात नाही. रोबॉटच्या पकडीला ते लावले की काचेची पट्टी ओरखडा न पडता उचलता येते. २१ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर २०२५ असा प्रवास केला. व्हिसा, ३०,००० युरोंचा विमा, वारा अडवणारं जॅकेट, पंधरा मिनिटांचं तयार भाषण हे सगळं तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. सामान सात-आठ किलोंच्या वर नेऊ नका. जिने चढावे लागतात आणि फलाट ऐन वेळी बदलतात.

नमुन्यांबद्दल मात्र नीट ऐका. निघण्याआधी तीन जणांनी मला सांगितलं, पालीची कात वहीत दाबून घेऊन जा, कोण बघतंय! नेऊ नका. भारतातलं जैविक साहित्य संशोधनासाठी परदेशी संस्थेच्या हाती द्यायचं तर २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. आणि नागोया करार, म्हणजे एका देशाचं जैविक साहित्य दुसऱ्याने वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झाल्यापासून, म्हणजे २०१४पासून, तिकडच्या चांगल्या प्रयोगशाळाही कागद मागतात. मी फक्त माझे सिलिकोनचे पॅड नेले: चोवीस तुकडे, काचेच्या पट्ट्यांमध्ये, एका प्लॅस्टिकच्या डब्यात. हा डबा पुढे परत येणार आहे.

बॉन, श्टुटगार्ट आणि फ्रायबुर्ग थोडक्यात आटोपते, कारण तिथे काही बिघडलं नाही. बॉनला स्टेशनपासून पोपेल्सडॉर्फच्या वाड्यापर्यंत चालत जा, मागेच वनस्पती उद्यान आहे. विल्हेल्म बार्टलोट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानावर पाणी आणि धूळ का टिकत नाही याचा खुलासा १९९७ साली इथूनच मांडला. पानावर सूक्ष्म उंचवटे, उंचवट्यांवर मेणाच्या नळ्या. थेंब टोकांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. त्यांच्या कामात आपलं अळूही होतं. काचघरात अळूचं पान दिसलं तेव्हा मी बाटलीतलं पाणी त्यावर सोडलं. थेंब पाऱ्यासारखा पळाला, शिरेपाशी क्षणभर थांबला आणि खाली गेला. "अळवावरचं पाणी" आपण लहानपणापासून म्हणतो, तो वाक्प्रचार मी तिथल्या एका विद्यार्थिनीला समजावून सांगितला आणि तिने तो वहीत उतरवून घेतला.

श्टुटगार्टला मुख्य स्टेशनचं बांधकाम चालू आहे, बाहेर पडायला वळसा घालावा लागतो, गाडी बदलायची असेल तर पंधरा मिनिटं जास्त धरा. माक्स प्लांक संशोधन संस्था शहराबाहेर आहे, एस-बान या लोकल गाडीने विद्यापीठापर्यंत जाऊन पुढे बस. चुंबकाने चालणारे, जेमतेम ४ मिलिमीटरचे मऊ रोबॉट ज्या कामामुळे २०१८ साली गाजले ते काम इथलं. फ्रायबुर्गच्या उद्यानात जवसाच्या धाग्यांचा रोबॉटने विणलेला मंडप आहे, निवडुंगाच्या आतल्या लाकडी जाळीवरून बेतलेला. बघा, छान आहे. ३ ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते, तेव्हा कुणाची भेट ठरवू नका.

आता ते बिघडलेलं ठिकाण. गावाचं नाव लिहीत नाही.

जुलैमध्ये तिथून ईमेल आला होता: दोन वर्षांची जागा निघते आहे, तुमचं काम अगदी जुळतं, येऊन भाषण द्या, प्रवासखर्चाचं आपण बघू. या ईमेलमुळेच मी दौरा आखला. बाकीच्या भेटी त्याच्या आजूबाजूला बसवल्या. सोमवारी ६ ऑक्टोबरला सकाळी नऊला मी दारात हजर होते. गटप्रमुख साडेअकराला आले. भाषणाला चार विद्यार्थी होते. त्यातला एक फोनवर होता. जेवण झालं. मग कॉफी घेताना कळलं की जागा नाहीच. प्रकल्पाचा अर्ज निधी देणाऱ्या संस्थेकडे गेला आहे, निकाल वसंतात लागेल, मंजूर झाला तर तुमचा नक्की विचार करू. आणि प्रवासखर्च? त्यासाठी प्रवासाच्या आधी कार्यालयाचं रीतसर निमंत्रणपत्र लागतं, ते तुमच्याकडे नाही, ईमेल चालत नाही.

माझा डबा टेबलावर होता. तो कुणी उघडलाही नाही.

ही फसवणूक होती का? मला अजूनही तसं म्हणवत नाही. त्या माणसाला जागा निघेल असं खरंच वाटत असावं. पण माझे सव्वा लाखाच्या आसपास रुपये गेले आणि ते माझ्या फेलोशिपमधून साठवलेले होते. ज्युनियर फेलोशिप महिना ३७,००० रुपये, सीनियर ४२,०००. त्यातून सव्वा लाख मागे टाकायला किती महिने लागतात याचा हिशोब ज्याला करावा लागत नाही, त्याला "येऊन भेटा" लिहिणं सोपं असतं.

म्हणून हे पाच प्रश्न ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय हलू नका. पैसे मंजूर झाले आहेत की मागितले आहेत? प्रकल्पाचे किती महिने शिल्लक आहेत? करार एकदम दोन वर्षांचा की वर्षावर वर्ष? प्रवासखर्च कुठून कुठपर्यंतचा, कमाल किती, आणि निमंत्रणपत्र कोण पाठवणार? पाचवा प्रश्न आपल्या विषयापुरता: गटात जीवशास्त्रज्ञ आहे का? ज्या गटात सगळेच अभियंते असतात तिथे "जैवप्रेरित" हा शब्द पहिल्या स्लाइडपुरता राहतो. टोके जातीच्या पालीच्या पायावरच्या एका रोमाची, म्हणजे सूक्ष्म केसाची, ओढ साधारण २०० मायक्रोन्यूटन, असे ६५ लाख रोम, म्हणजे पाल १३० किलो पेलेल, हे गणित सगळे दाखवतात. मुलाखतीत ते सांगू नका, समोरच्याने शंभरदा ऐकलेलं असतं. पॅड मोठा केला की दर चौरस सेंटिमीटरची पकड का घसरते, त्यावर तुम्ही काय केलंत, हे सांगा.

खर्च मिळणार नाही म्हटल्यावर मी आयसीई या वेगवान गाडीचा विचार सोडला. पुढचा मुक्काम कील, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे भाषण. त्या दिवशीचं कीलचं तिकीट दीडशे युरोंच्या वर दाखवत होतं. तीन आठवडे आधी काढलं असतं तर एक तृतीयांशात झालं असतं. माझ्याकडे डॉइचलांड तिकीट हा महिन्याचा पास होता, २०२५ साली ५८ युरोंचा. ते देशभर चालतं, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत. दुपारी एकला निघाले. फ्रांकफुर्ट, कासेल, ग्योटिंगेन, युल्त्सेन, हांबुर्ग, कील. कागदावर मध्यरात्रीनंतर थोड्या वेळात पोचायचं होतं. कासेलच्या पुढे गाडी पंचवीस मिनिटं माळावर उभी राहिली, ग्योटिंगेनला पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली, आणि युल्त्सेनला उतरले तेव्हा हांबुर्गकडे जाणारी रात्रीची शेवटची गाडी निघून गेलेली होती. पुढची पहाटे.

युल्त्सेनचं स्टेशन हुंडरटवासर या चित्रकाराच्या कल्पनेतून सजवलेलं आहे. रंगीत फरशांचे फुगीर खांब, वाकड्यातिकड्या खिडक्या. दिवसा लोक मुद्दाम बघायला येतात म्हणे. रात्री एक वाजता तिथे मी, एक सायकलवाला आणि थंडी. खांबाच्या फरशीला पाठ टेकली की जॅकेटमधूनही गार लागायचं. बाबांना फोन केला. भारतात साडेचार वाजले होते, पण एसटीत तीस वर्षं पहाटेची ड्यूटी केलेला माणूस त्या वेळी जागाच असतो. "स्टँडवर उजेड हाय न्हवं?" एवढंच विचारलं त्यांनी. "मग हलू नको तिथनं. आणि पिशवी पायात अडकवून बस." मी पिशवीचा पट्टा पायात अडकवला आणि डबा मांडीवर घेतला.

तात्पर्य वगैरे काही नाही, साधा नियम: प्रादेशिक गाड्यांनी एका दिवसात चारपेक्षा जास्त वेळा गाडी बदलू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण असेल तर मुळीच नको. वसतिगृहातल्या एका रात्रीचे चाळीस युरो वाचवायला जाऊन मी जवळपास घसाच गमावला होता.

कीलला सकाळी नऊला पोचले, स्टेशनच्या स्वच्छतागृहात तोंड धुतलं, दहाला भाषण. स्टानिस्लाव गोर्ब यांचा गट इथे प्राणिशास्त्र विभागात आहे. माझ्या पॅडवरची छत्रीची टोपी मुळात यांच्याच कामातून आलेली. पानांवरच्या भुंगेऱ्यांमध्ये नराच्या पायावर अशा चपट्या टोकांचे रोम असतात, मादीच्या गुळगुळीत पाठीवर टिकून राहायला. भाषण मी सिंहगडापासून सुरू केलं: १६७०, तानाजी मालुसरे, आणि कड्याला चिकटलेल्या घोरपडीची आख्यायिका. मग घोरपडीची नखं आणि पालीचे रोम यांतला फरक. झोप झालेली नसताना सुद्धा ते भाषण माझं आजवरचं सगळ्यात चांगलं झालं. खोलीत वीसेक माणसं होती आणि प्रश्न चाळीस मिनिटं चालले.

नंतर तिथल्या एका पोस्टडॉकने विचारलं, नमुने आणलेत का? डबा उघडला. त्याने सातवा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग मला बघायला दिलं. खांबांच्या रांगा नीट उभ्या होत्या, पण प्रत्येक टोपीची एकच कड, सगळ्यांची एकाच बाजूची, किंचित फाटलेली. "साचा एका कोपऱ्यातून ओढून काढता का?" हो, तसाच काढते. तीन वर्षं माझे आकडे डावीकडून ओढल्यावर वेगळे आणि उजवीकडून वेगळे येत होते, आणि आम्ही यंत्राला दोष देत होतो. साचा काढण्याआधी कडा सगळीकडून सैल करा, सावकाश काढा, हे ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते.

म्हणून माझा सल्ला: दुसरं काही जमलं नाही तरी कीलला जा. मला तिथे जागा मिळाली म्हणून म्हणत नाही, मिळालेली नाही. ज्या ठिकाणी तुमचा डबा उघडतात, तिथे जा.

करिअरचा हिशोब कोरडेपणाने मांडते. जर्मनीत ठरावीक मुदतीच्या करारांवर पीएचडीनंतर साधारण सहा वर्षं काम करता येतं, मग कायमची जागा किंवा दुसरी वाट. कायमच्या जागा फार थोड्या आहेत. परत येऊन आयआयटीत सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर वरच्या श्रेणीसाठी पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव धरतात, त्यामुळे एक-एक वर्षाचे तुकडे जोडण्यापेक्षा एकाच गटात दोन-तीन वर्षं सलग काढलेली बरी. परदेशी संशोधकांना जर्मनीत काम करायला मिळणारी हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंत मागता येते. अर्जासोबत यजमानाचं, म्हणजे ज्याच्या गटात काम करायचं त्याचं, पत्र लागतं. मी तोच अर्ज भरते आहे, एका यजमानाचं पत्र हातात आहे, आणि यावेळी पत्राच्या खाली सही आणि तारीख आहे.

शेवटी तिकिटाचं. डॉइचलांड तिकीट महिन्याच्या १ तारखेपासून मोजतात आणि ते आपोआप चालू राहतं. माझा प्रवास सप्टेंबर-ऑक्टोबर असा पडला, म्हणून दोन महिने भरले. थांबवायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. मी ९ला विमानात बसले, १०ला घरी झोपून काढला, आठवलं तेव्हा ११ तारीख होती. नोव्हेंबरचे ५८ युरो, म्हणजे सहा हजारांच्या आसपास, कापले गेले. विमानतळावर रांगेत उभे असतानाच रद्द करा.