ज्याचा टाळ वाजतोय

दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "चेअरमनचा पोरगा हाय, बसायचा न्हाई त्यो." मी बसणारच होतो. आता बसता येईना. एकादशीचा उपास, पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात दमवणारा टप्पा, पोटात दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. आण्णांना जाऊन सहा महिने होऊन गेले होते, तरी मला चालवत तेच होते.

दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती. 2020 साली माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, तेव्हा आण्णा टीव्हीसमोर टोपी घालून उभे होते. आई म्हणाली, बसा की. "माऊली उभ्यानं चालली का बसून, ते कुठं दिसतंय?" म्हणाले, आणि बस नजरेआड होईपर्यंत उभेच राहिले. पुढच्या वर्षीही तेच. मग मार्गशीर्षात ते गेले, आणि 2022 च्या जूनमध्ये गावाचा ट्रक पुन्हा आळंदीला निघाला. दिंडीच्या भिशीच्या, म्हणजे जेवणाखाण्याच्या वर्गणीच्या यादीत आईनं माझं नाव परस्पर घालून पैसेही भरून टाकले होते. मला फोनवर फक्त कळवलं, "एकवीस तारखेला प्रस्थान आहे. रजा टाक."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, म्हणजे पावसानं कायम पाठ फिरवलेलं. 1972 च्या दुष्काळात आण्णा विशीतले होते, खडी फोडायला जायचे. तेव्हापासून वाया जाणारं पाणी त्यांना बघवायचं नाही. पुढं विकास सोसायटीचे चेअरमन झाले, एकदा सरपंच झाले. पण लोकांच्या तोंडी 'चेअरमन'च राहिलं. दिंडीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. टँकर, शिधा, राहुट्या, म्हाताऱ्यांची औषधं. टँकरच्या नळीचं तोंड ते स्वतःच्या हातात धरायचे, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

वारीत रोज संध्याकाळी पालखीतळावर समाजआरती होते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो, कारण आण्णांचं सगळं राजकारण, त्याला राजकारण म्हणायचं असेल तर, तिथूनच आलेलं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका लयीत चाललेले असतात. चोपदार दंड वर करतो आणि सगळं एका क्षणात बंद. इतकं शांत की लांबच्या ट्रकचं इंजिन ऐकू येतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या आवाजाकडे जातात, काय झालं विचारतात, गाऱ्हाणं तिथंच ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी कधी निघायचं ते सांगतात, आणि मग आरती.

आण्णांनी हे उचलून गावात आणलं. 2007 साली तंटामुक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. बांधाचं भांडण असो, पाटाच्या पाण्याचं असो, सगळ्यांचं बोलून झालं की ते विचारायचे, "कुणाचा टाळ अजून वाजतोय?" कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी विधवा, नाहीतर वाटणीत फसलेला धाकटा भाऊ असायचा. त्याचं ऐकल्याशिवाय कागदावर सही होत नसे. बैठका रात्री एकपर्यंत लांबत. लोक वैतागायचे, चहा संपायचा, पण उठायचं कुणी नाही.

घरात मात्र आईचा टाळ वाजतच राहिला, आणि माझाही. जेवताना बोलणं व्हायचं ते सोसायटीच्या कर्जवसुलीचं, कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं. आम्ही तिघं भावंडं कितवीत आहोत हे त्यांना आईला विचारावं लागतं, अशी आमची पक्की समजूत होती. मी दहावीला गणितात नापास झालो तो निकाल लागला तेव्हाही ते वारीतच. संध्याकाळी शेजारच्यांकडे एसटीडीवरून फोन आला. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जेवलास का?" आणि फोन ठेवला. ते दोन शब्द मी वीस-पंचवीस वर्षं जपून ठेवले होते. बायकोलाही लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ऐकवले. माणूस असले पुरावे नीट सांभाळून ठेवतो.

जेजुरी, वाल्हे. टाच बधिर झाली की चालणं सोपं जातं, हे वाल्ह्याला कळलं. नीरेत पादुकांचं स्नान झालं, पूल ओलांडला, सातारा जिल्हा लागला, आणि दिंडीतल्या बायांनी फुगड्या घातल्या. 'माहेर आलं' म्हणे. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला वारीतलं पहिलं उभं रिंगण. दोन रांगांमधून घोडे गेले, माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडाली. मला माती मिळाली नाही. आमच्या विणेकरी बाबांनी आपल्या बोटावरची अर्धी माझ्या कपाळाला पुसली, वीणा मात्र गळ्यातून हलू दिली नाही.

त्या रात्रीचा मुक्काम तरडगावला. आमची दिंडी तिथं वर्षानुवर्षं एकाच वाड्यात जेवते. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, दोघंच असतात. ओसरीवर आण्णांचा फोटो नव्हता, हार नव्हता, काही नव्हतं, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. आठ दिवस जो तो मला धरून 'देवमाणूस होता' म्हणत होता. मावशी पिठलं वाढता वाढता थांबल्या.

"धाकल्या बहिणीचं दुखणं थांबलं का? डाव्या कानाचं?"

माझ्या बहिणीचा कान लहानपणी फुटायचा. आता तिला कॉलेजात जाणारी मुलगी आहे.

"आणि आईचा गुडघा? तेलाची बाटली दिली होती मी चेअरमनजवळ, शेवटच्या वारीला."

मी हो-हो करत होतो. त्यांना सगळं माहीत होतं. माझ्या नोकरीची परीक्षा, थोरल्याचं मोडलेलं पहिलं लग्न, आईनं पाळलेली शेळी, तिचं नावसुद्धा. मग भिंतीला टेकून बसलेले मास्तर, ज्यांना कमी ऐकू येतं असं मला सांगितलं होतं, एकदम म्हणाले, "तू मधला. भूमितीत गेलेला."

पंगतीतले दोघं हसले. मीही हसलो.

"त्या रात्री तुझा बाप इथंच बसला होता. ताट तसंच. मला म्हणाला, मास्तर, पोराला काय बोलू तेच सुचलं नाही फोनवर, जेवलास का एवढंच विचारलं. मग मला विचारत बसला, ऑक्टोबरची परीक्षा कशी असते, फॉर्म कुठं भरायचा, प्रमेय म्हणजे काय असतं. काकड्याची वेळ झाली तरी उठेना. तोपर्यंत त्याला दोन प्रमेयं मी समजावून दिली होती. त्याला आली बरं का. तुला का आली नव्हती देव जाणे."

मावशी म्हणाल्या, "इथं आलं की त्यांना गावचं काही विचारलेलं आवडायचं न्हाई. म्हणायचे, गाव घरी ठेवून आलोय, आता घरचं बोलू द्या."

वारीहून परत आले तेव्हा आण्णांनी माझ्या खाटेवर एक जुनं, पुठ्ठा निघालेलं भूमितीचं गाईड टाकलं होतं. मला वाटलं, हायस्कूलच्या शिपायाकडून आणलं असेल. ऑक्टोबरला त्याच्याच जोरावर निघालो.

पंगत उठल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन आईला फोन लावला. सांगितलं सगळं. गाईड मास्तरांचं होतं, आण्णा रात्रभर बसले होते, तुझ्या शेळीचं नाव इथं माहीत आहे. मला वाटलं ती रडेल.

"गाईडवर त्यांचं नाव होतं की," आई म्हणाली. "पहिल्या पानावर. गाव, तालुका, सगळं लिहिलेलं. तू पहिलं पान उघडलंसच कधी?"

मी गप्प.

"फोडाला हळद लाव," ती म्हणाली, "आणि त्यांची तेलाची बाटली रिकामी झालीये, ती परत द्यायची राहिली म्हणून सांग."