आमची वाटचाल : कोल्हापूरच्या कड्यांवर

उद्यमनगरात आप्पांचं लेथचं छोटं वर्कशॉप. मी तिथंच लहानाचा मोठा झालो, पण रविवार सगळे डोंगरात गेले. पुण्या-नाशिकच्या मुलांकडे प्रस्तरारोहणाच्या जागांची यादी तयार असायची : तैलबैला, ड्यूक्स नोज, लिंगाणा. आम्ही कोल्हापूरकर दोर घेऊन एक तर तिकडं जायचो, नाहीतर बदामीच्या लाल वालुकाश्मावर. जिल्ह्याच्या पश्चिमेला अख्खा सह्याद्री उभा आहे आणि आपल्याला चढायला दोनशे किलोमीटर जावं लागतं, हे मला सहन होत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी एका मित्राला घेऊन मी इथले कडे शोधून लोकांना दोरावर चढायला नेण्याचा हा व्यवसाय सुरू केला तो एवढ्याच हट्टापायी.

पहिलं वर्ष जांभ्या दगडानं खाल्लं. मसाई पठार, पन्हाळ्याकडचे सडे, गगनबावड्याचा माथा, सगळीकडं वरचा थर जांभ्याचा. लांबून कडा एकसंध दिसतो, बोटांना भोकंही छान मिळतात. पण अंगाचं वजन टाकलं की भोकाची कडा वाळलेल्या भाकरीसारखी तुटून हातात येते. अशीच एक वीतभर ढलपी माझ्या मित्राच्या हेल्मेटवर आदळली. हेल्मेटला तडा गेला, तो वाचला. त्या दिवसापासून जांभ्यावर आम्ही माणूस लटकवत नाही.

चांगला दगड खाली असतो, काळा बेसाल्ट. तोही थराथरानं. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा येतो. तो पावसानं झिजला की वरचा कातळ पुढं आल्यासारखा दिसतो आणि नवख्याला तिथंच चढावंसं वाटतं. आम्ही आधी हातोडी घेऊन फिरतो. घट्ट दगड ऐरणीसारखा खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. एका कड्यावर हे ठोकणं कधी कधी दोन-दोन दिवस चालतं. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण आमचं खरं काम तेच.

कडा शोधायचा कसा, हे सगळेच विचारतात. सुरुवात नकाशापासून होते. सर्वे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे आता घरबसल्या मिळतात. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या फरकानं असतात. जिथं त्या एकमेकींना चिकटतात, तिथं खूण करायची. मग उपग्रहाच्या चित्रात सावली बघायची : हिवाळ्यातल्या चित्रात काळी, धारदार सावली पडली असेल तर काहीतरी उभं आहे. पण 15 मीटरचा सुरेख कातळ या रेषांच्या मधे सहज हरवतो. तो नकाशाला माहीत नसतो, गुरं वळणाऱ्याला माहीत असतो.

आमची सगळ्यात चांगली जागा अशीच मिळाली. धनगरवाड्यावर चहा पिताना एका मामांना विचारलं, "मामा, शेळी चढंना असा दगड कुठं हाय का?" ते हसले आणि म्हणाले, "शेळी चढंना असा न्हाई, शेळी पडल्याली असा हाय." तासभर कारवीतून नेलं आणि समोर पश्चिमेला तोंड केलेली 25 मीटरची भिंत, वरपासून खालपर्यंत हाताची बोटं जातील अशा दोन भेगा. दुपारपर्यंत सावली. मी बराच वेळ नुसता हात लावून उभा होतो.

गावाची नावंही ऐकावीत. 'माश्यांचा कडा' म्हटलं की तिथं आग्या मोहोळ आहे, नाव उगाच पडलेलं नाही. एकदा आम्ही ते मनावर घेतलं नाही. दोर तसाच सोडून अंगावर घोंगडी ओढून पळालो आणि तिघांना दवाखान्यात न्यावं लागलं.

काही जागा बघून सोडून दिल्या. पन्हाळा संरक्षित किल्ला, शिवाय 2025 पासून जागतिक वारसा. त्याच्या कातळात ड्रिल लावायचा विचारही नको. बांदिवड्याचे बेसाल्टचे खांब बघावेत, हात जोडावेत आणि परत यावं. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत आम्ही जात नाही. शाहीन ससाण्याचं घरटं दिसलं तर तो कडा जानेवारी ते एप्रिल बंद.

कातळात ड्रिल करून बसवायच्या बोल्टची गोष्ट आप्पांची आहे. पैसे कमी होते, म्हणून मी म्हटलं, हँगर, म्हणजे बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी, आपल्याच वर्कशॉपमध्ये करू. आप्पांनी नमुना हातात फिरवून बघितला आणि बाजूला ठेवला. "पट्टी मी तुला दिवसात शंभर वाकवून देईन. पण टेस्टिंग नसलेल्या मालावर माणूस टांगायचा न्हाई." 25 किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांच्या आसपास भार सोसणारे प्रमाणित स्टेनलेस हँगर घ्यायला मी सहा महिने थांबलो. ते पैसे इमारतींच्या काचा आणि उंच टाक्यांच्या दोरावरच्या कामातून आले. आजही घर त्याच कामांवर चालतं.

चौथ्या वर्षी एक घाव बसला. आमच्याबरोबर आलेल्या बाहेरच्या एका संस्थेनं मामांच्या भिंतीचं लोकेशन सगळीकडं टाकलं. दोन महिन्यांत तिथं स्पीकर, प्लास्टिक, चुली. कुणीतरी पाण्याच्या झऱ्यात भांडी घासली. गावानं वाट बंद केली, आणि त्यात गावाची काहीच चूक नव्हती. वाट परत उघडायला मला दीड वर्ष बैठका घालाव्या लागल्या. आता आधी सातबारा बघतो : मालकी, गायरान की वनखात्याचं. मग मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, वनजमीन असेल तर खात्याची. जागेचं नाव आम्ही गावाच्या संमतीशिवाय छापत नाही, ग्राहक नाराज झाला तरी. एका वेळी आठच जण. जेवण वाड्यावरचं.

मामांचा नातू आता आमच्याकडं आहे. बिले देताना, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळताना, त्याची नजर चढणाऱ्यावरून ढळत नाही, म्हणून मुलं त्याच्या हातात दोर असला की निवांत चढतात.

भुदरगडच्या बाजूला नकाशावर आणखी एक खूण केली आहे. तीनदा जाऊन आलो, दगड खणखणतो. फक्त उजव्या भेगेत पांढरट ओघळ आहेत. पाणी नेमकं कुठून उतरतं ते जुलैच्या पावसात, समोरच्या टेकडीवर छत्री घेऊन बसून बघायचं आहे. त्यानंतरच ड्रिल बाहेर काढू.