खाडीचं पाणी गोडं झालं की कालव काय करतं: माझ्या प्रबंधाचा अनुभव

मे महिन्यात मालवणजवळच्या कोळंब खाडीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि संततधार लागली की ओहोटीला तेच पाणी पिण्याइतकं नसलं तरी बरंचसं गोडं होतं. मासा पोहून दुसरीकडे जातो. कालव खडकाला चिकटलेलं, ते कुठे जाणार? तरीही दरवर्षी त्यातली पुष्कळशी कालवं तगून राहतात. ती पेशींच्या पातळीवर कशी तगतात, हा मी एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय घेतला. ज्यांना असं काम करायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून ते कसं पार पडलं ते लिहिते आहे.

आपल्या रक्तातलं मीठ मूत्रपिंडं सांभाळतात. कालवाकडे ती सोय नाही. बाहेरच्या पाण्यात जितका खारटपणा, साधारण तितकाच त्याच्या अंगातल्या द्रवात. पाणी गोडं झालं की ते पेशींत शिरू लागतं, पेशी फुगतात. त्या फुटू नयेत म्हणून कालव पेशींतली सुटी अमिनो आम्लं कमी करतं. त्यात टॉरिन हे मुख्य, शिवाय ग्लायसिन, अ‍ॅलानिन, प्रोलिन. पाणी पुन्हा खारट झालं की हीच आम्लं परत साठवायची. ही आम्लं बनवणारी, मोडणारी आणि पेशीच्या आतबाहेर नेणारी जी प्रथिनं, त्यांची जनुकं कधी चालू होतात आणि कधी मंदावतात, हे मला मोजायचं होतं.

कालवं काढायला खाडीवरच्या एका काकींसोबत जायचे. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “पावसात कालवां पानचट होतत गो, चव रवणा नाय.” ही चव मला फार महत्त्वाची वाटली. मांसाला गोडसर चव देणारी ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन ही तीच आम्लं, जी पाणी गोडं झाल्यावर पेशी कमी करतात. प्रजननानंतर मांस रोडावतं, तेही कारण त्यात असणारच. पण जिभेला कळणारा तो फरक मी यंत्रावर शोधणार होते.

पहिलं काम जात पक्की करण्याचं. कालवाचा शिंपला खडकाच्या आकाराप्रमाणे वाकडातिकडा वाढतो, त्यामुळे नुसत्या आकारावरून जात ठरवणं धोक्याचं. म्हणून प्रत्येक कालवाचा छोटा तुकडा वेगळा ठेवून त्यातलं सीओआय नावाचं जनुक वाचून घेतलं. कंटाळवाणं आणि खर्चिक काम आहे, पण ते टाळून पुढे गेलात तर जातींमधला फरक खारटपणाच्या नावावर जमा होईल.

टाकीतल्या मांडणीबद्दल एकच सांगते. एका गटाचं पाणी लिटरमागे ३० ग्रॅम मिठावरून १० वर आणायचं, तर दुसऱ्या गटाचंही पाणी त्याच वेळी, त्याच हातांनी बदलायचं, फक्त ३० च्याच पाण्याने. दोन्हींचं तापमान सारखं हवं. ताण आला की वाढणारं एचएसपी७० हे प्रथिन उष्णतेलाही वाढतं, हाताळणीलाही वाढतं. पॅसिफिक कालवाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एचएसपी७० ची ८८ जनुकं सापडली. माणसात ती सतराच्या आसपास आहेत. एवढा फौजफाटा बाळगणारा जीव कशानेही दचकतो, हे धरून चालावं.

आता खरी अडचण. पाणी १० वर आणलं आणि ठरलेल्या तासांनी कल्ले काढून तपासले, तर सुरुवातीच्या नमुन्यांत दोन्ही गटांत काहीच फरक दिसेना. कारण साधं होतं: कालवाने शिंपला मिटून घेतला होता. शिंपला मिटला की आतलं जुनं पाणी आतच राहतं. याची खात्री करायला शिंपल्याच्या कडेला कानसीने बारीक खाच पाडली आणि सिरिंजने आतल्या पाण्याचा थेंब काढून खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला. निळ्या-पांढऱ्या रंगाची सीमारेषा विशीच्या वर थांबली. बाहेर १०, आत अजून वीसच्या पुढे! म्हणजे माझ्या वहीतले तास टाकीचे होते, कालवाचे नव्हते. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यासोबत आतल्या पाण्याचा आकडा नोंदवू लागले, आणि मग जनुकांचे आकडे अर्थ सांगू लागले. शिंपला ही कालवाची पहिली ढाल. ती उघडावी लागते तेव्हाच जनुकांची पाळी येते.

कल्ल्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा. जनुक चालू असलं की त्याची जी प्रत बनते ती म्हणजे आरएनए. तो फार लवकर मोडतो. पुढे ट्रायझोल या रसायनाने तो वेगळा करताना कालवाचा चिकट स्राव आडवा येतो. त्यातल्या शर्करा आरएनएसोबतच खाली बसतात आणि शुद्धतेचा २६०/२३० हा आकडा घसरतो. आयसोप्रोपेनॉलसोबत सोडियम सायट्रेट आणि मिठाचं द्रावण घातलं की शर्करा विरघळलेल्या राहतात, आरएनए बसतो. ही युक्ती मला फार उशिरा कळली, तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

काही नमुने सगळ्याच जनुकांच्या वाचनासाठी बाहेर पाठवायचे होते. जिथे पाठवले तिथून ‘आरएनए तुटलेला आहे’ असा शेरा मारून परत आले. त्यांची कसोटी उंदराच्या आणि माणसाच्या आरएनएवर बेतलेली: जेलवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर, रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन ठळक पट्टे दिसले तर माल चांगला. कालवासारख्या अनेक मृदुकाय प्राण्यांत २८एसच्या मध्यावर मुळातच एक खाच असते. दोन तुकडे नाजूक बंधांनी धरलेले असतात. तपासणीआधी नमुना तापवला की ते सुटतात, आणि प्रत्येक तुकडा जवळपास १८एसएवढाच असल्याने एकच पट्टा दिसतो. तेच नमुने मी न तापवता जेलवर चालवले, तर दोन्ही पट्टे स्वच्छ दिसले. फोटो जोडून पत्र लिहिल्यावर नमुने स्वीकारले गेले. या शेऱ्यापायी चांगला आरएनए फेकून देणारे विद्यार्थी मी पाहिलेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मृदुकायांवर काम करत असाल तर आरआयएनचा (यंत्राने दिलेला आरएनएच्या अखंडतेचा) आकडा पाहून घाबरू नका, आधी जेल पाहा.

क्यूपीसीआर हे जनुकाच्या प्रती फेरीगणिक दुप्पट करत मोजायचं तंत्र. त्यात सुरुवातीच्या प्रती जितक्या जास्त, तितका संकेत लवकर येतो. एक फेरी आधी म्हणजे साधारण दुप्पट, तीन फेऱ्या आधी म्हणजे आठपट. तुलनेला एक स्थिर जनुक लागतं. सगळे डोळे मिटून पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं जनुक अ‍ॅक्टिन घेतात, पण पेशी फुगताना तिचा सांगाडाच हलतो, मग अ‍ॅक्टिन स्थिर कसं राहील? तीन-चार जनुकं तपासूनच निवड करावी. शिवाय कालवा-कालवांत डीएनएचा फरक इतका असतो की एकावर चालणारा प्रायमर (जनुकावर नेमका बसणारा डीएनएचा छोटा तुकडा) शेजारच्यावर चालेलच असं नाही.

शेवटी दिसलं ते असं: आतल्या पाण्याचा आकडा खाली गेल्यावरच एचएसपी७० चढलं. पण एकाच टाकीतल्या, सारख्याच आकाराच्या कालवांत काहींत ते जोरात चढलं, काहींत जेमतेम. ही तफावत मला सरासरीपेक्षा मोलाची वाटते.

कारण एकाच जातीतल्या कोणाला खारटपणाचा बदल जास्त सोसतो आणि कोणाला कमी, हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७०-८० च्या दशकांत निळ्या शिनाण्यांवर, म्हणजे कालवासारख्याच दोन शिंपल्यांच्या जिवांवर, काम केलं. प्रथिनांच्या तुकड्यांतून अमिनो आम्लं सुटी करणाऱ्या एका विकराचं लॅप-९४ हे रूप खुल्या समुद्रातल्या शिनाण्यांत साधारण ५५ टक्के, तर आतल्या कमी खारट पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास. समुद्रातून पिल्लं येतात तेव्हा त्यांच्यात हे रूप भरपूर असतं. पुढच्या काही महिन्यांत हे रूप असलेलीच जास्त मरतात. खारट पाण्यात उपयोगी पडणारा जोरदार विकर गोडसर पाण्यात नायट्रोजन वाया घालवतो. म्हणजे एक बदल जनुक चालू-बंद होण्याचा, तासांत घडणारा, आणि दुसरा कोण जगलं-कोण मेलं यातून पूर्ण थव्यात उतरणारा.

माझ्या प्रबंधाने पहिल्याचंच थोडं उत्तर दिलं. दुसऱ्यासाठी मी आता मे अखेरीस आणि सप्टेंबरात त्याच खडकांवरच्या कालवांचे तुकडे अल्कोहोलमध्ये साठवते आहे. तिथे फक्त डीएनए लागतो, त्यामुळे नायट्रोजनची टाकी होडीत चढवावी लागत नाही.